मामांच्या टीममध्ये एक मातीचा हवा

१२ जानेवारी

प्रिय बापू,

'जावईबापू' लिहायला घेतलं आणि अर्ध्या शब्दावरच पेन अडलं. तुझे-बबीचे कोर्टाचे कागद झाले, सह्या झाल्या, तेव्हा 'जावई' आता मला लिहिता येणार नाही. 'बापू' मात्र कुणी काढून घेतलेलं नाही, म्हणून तेवढंच ठेवलं. तुला चालत नसेल तर कळव.

पत्ता माझ्या कवळीच्या डबीवर मिळाला. तुमच्या लॅबचा शिक्का आहे तिच्यावर. फोन केला असता, पण फोनवर मला समोरचं निम्मं ऐकू येत नाही आणि माझं सगळं बोलणं मजल्यावर सगळ्यांना ऐकू जातं. बबीला हे पत्र माहीत नाही. तिला लपवण्यासारखं यात काही नाही, पण सांगण्यासारखंही नाही.

काम असं आहे. तू जाताना तुझा हातातला व्हिडिओ गेम नेलास, माझा इथेच राहिला. तो मी अजून खेळतो. परवा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, मामा, एवढं मान खाली घालून काय करता? मी म्हटलं, रानावनात फिरून चित्रविचित्र प्राणी पकडतो, त्यांना शिकवतो, त्यातले सहा निवडून टीम करतो आणि मनोऱ्या-मनोऱ्यांवर जाऊन लढतो. त्या म्हणाल्या, या वयात? मी म्हटलं, काचा बसवायला आता कुणी बोलावत नाही, मग काय करू?

तर, सहाव्या मनोऱ्यावर अडकलोय. तिथे विजेची राणी आहे. माझ्या टीमला ती असं झोपवते की उठायची सोय नाही. किती वेळा गेलो आणि किती वेळा तोंड पाडून परत आलो ते मोजायचं सोडलं. तू होतास तेव्हा जेवणं झाली की गॅलरीत दोघं बसायचो आणि तू नुसतं माझ्या खांद्यावरून पाहून "मामा, याला नको, त्याला पुढे काढा" म्हणायचास. आता खांद्यामागे कुणी नाही. जमलं तर दोन ओळी लिही.

तुझा,
मामा

ता. क. कवळी छान बसलीय.


२५ जानेवारी

तीर्थस्वरूप मामांस नमस्कार,

पत्र लॅबमध्ये आलं. साहेबांनी हातात ठेवलं तेव्हा अक्षर ओळखलं, पण फोडलं घरी येऊन. घर म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली आहे. खाली दिवसभर हवा भरण्याचा आवाज असतो, संध्याकाळी शांत होतं.

'बापू' चालेल. न चालायला काय झालं?

माझा गेम बॅगेतून मी बाहेरच काढलेला नाही. पण विजेची राणी आठवते. तिच्यापुढे नुसत्या ताकदीचं काही चालत नाही, टीमची जुळणी पाहावी लागते. तुमचे सहा जण सध्या कोण आहेत ते सविस्तर लिहा. नावं तुम्ही ठेवलेली लिहा, मला तीच कळतील.

घरी सगळं ठीक असेल.

आपला,
बापू


२ फेब्रुवारी

प्रिय बापू,

पत्र आल्यावर बबी विचारत होती, कुणाचं? मी म्हटलं, जुन्या गिऱ्हाइकाचं, खिडकीबद्दल विचारतोय. ती पाणी तपासून दमून आली होती, सरळ हातपाय धुवायला गेली. हल्ली तिच्या लॅबमध्ये बाटल्यांची रांगच लागलेली असते.

माझी माणसं ऐक. आत्याबाई आहेतच, ती बेडकी. पाण्यातल्या, गाल फुगवणाऱ्या, रुसल्या की कुणाला हलू न देणाऱ्या. त्यांना मी पहिल्या दिवशी पकडलं, तेव्हा त्या वाटाण्याएवढ्या होत्या. मग मुकादम, तो खेकडा. मग बादली, ते कासव. पोस्टमन, म्हणजे तो लांब चोचीचा पक्षी. काजळ्या, आगीतला सरडा, तुला आवडायचा तो. आणि पाचोळा, जो झाडासारखा उभा राहतो आणि झाडासारखाच काही करत नाही.

सगळे जीव लावून वाढवलेत. एकही वाया गेलेला नाही, तरी हरतात. जुन्या वर्कशॉपमध्ये असंच झालं होतं. सहाच्या सहा माणसं काच कापण्यात एकाहून एक, आणि शिडीवर चढायला कुणी तयार नाही.

आता संध्याकाळी इथे कुणालाच करमत नाही. जेवण होतं, ताटं उचलली जातात, आणि घर नुसतं बसून राहतं. परवा बबीने तुझी ती वेताची खुर्ची गॅलरीतून आत आणली. बराच वेळ तशीच मध्ये ठेवलेली होती.

लवकर लिही. राणी वाट पाहतेय.

तुझा,
मामा


९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांस,

पत्र दोनदा वाचलं.

आधी टीमबद्दल. तुमच्या सहापैकी चौघं विजेला भितात. आत्याबाई, मुकादम, बादली पाण्यातले. पाण्यातल्याला वीज लागली की दुप्पट लागते. पोस्टमन हवेतला, त्यालाही तेच. उरले काजळ्या आणि पाचोळा. राणी पहिल्या झटक्यात चौघांना आडवं करते आणि मग या दोघांना सावकाश खाते. तुम्ही आवडीची माणसं जमवलीत, मामा. टीम आवडीने होत नाही. एक हवा मार खाणारा, ज्याच्यावर सगळं आपटून शांत होईल. एक मार देणारा. एक चपळ, जो आधी हात मारील. एक जखमा भरणारा. एक समोरच्याला नुसता वैताग आणणारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एकाला जे झेपत नाही ते झेपणारा दुसरा कुणीतरी शेजारी पाहिजे.

तुम्हाला मातीतला एक हवा. मातीला वीज लागतच नाही, जमिनीत मुरून जाते. मुकादम, बादली, पोस्टमन या तिघांना सुट्टी द्या. आत्याबाईंनाही दिली तर बरं.

अडचण एकच. चांगला मातीतला तुमच्या गेममध्ये सापडत नाही, तो माझ्या आवृत्तीत आहे. माझ्याकडे ढेकूळ आहे, आठवतो का? मी तेव्हाच देत होतो, तुम्ही म्हणालात, मला कुणाचं आयतं नको. आता दोन्ही यंत्रं वायरने जोडून समोरासमोर बसल्याशिवाय तो देता येणार नाही.

काल बॅग उघडली. यंत्र चार्ज केलं. सगळे होते तसे उभे आहेत.

खुर्ची आत आणली ते वाचून बरं वाटलं. तिचा पुढचा डावा पाय हलतो, बसताना जपायला सांगा. बबी अजून चहा उभ्यानेच पिते का?

आपला,
बापू


१७ फेब्रुवारी

प्रिय बापू,

मुकादम, बादली आणि पोस्टमनला घरी बसवलं. मुकादमला वाईट वाटलं असणार, पण तो बोलत नाही. त्यांच्या जागी तू म्हणालास तसा चपळ म्हणून एक मांजरवजा प्राणी घेतला, नाव चुटकी. जखमा भरायला एक गोगलगाय, तिचं नाव नर्सबाई. वैताग आणायला कोण घ्यावं याचा विचार केला, आणि तिथे मात्र आत्याबाईच. त्यांना काढणार नाही. तू माझ्या जागी असतास तर तूही काढलं नसतंस. हवं तर बाकीच्यांना त्यांच्याभोवती बसव. बायका घरात कपाट हलत नाही म्हणून बाकीचं सामान फिरवतात, तसं.

सहावी जागा मोकळी आहे. ढेकळासाठी.

मग ये की. समोरासमोरच बसायचं आहे ना? गॅलरी आहे, वायर माझ्या खणात आहे. संध्याकाळ आहे.

चहा उभ्यानेच पिते.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

आत्याबाई राहतील तर बाकीची जुळणी बदलावी लागेल, पण बदलता येईल. नर्सबाईंना त्यांच्या मागे ठेवा. राणीची वीज ढेकळाने घेतली की आत्याबाई पुढे येऊन तिला अडवून धरतील. जमेल. खरं तर असं जास्त चांगलं जमेल.

येण्याबद्दल. तुमचं पत्र आल्यापासून लॅबमध्ये माझ्या हातून दोन दात उलटे बसले. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. मला सरळ विचारू द्या. तुम्ही ये म्हणता ते तुमच्या मनाने, की तिने लिहायला सांगितलं? तुम्ही आधी लिहिलंत की कुणालाच करमत नाही, मग खुर्चीचं लिहिलंत. मी रोज त्यावर विचार करतोय. ती स्वतः लिहिणार नाही हे मला माहीत आहे, तिचा स्वभाव मला माहीत आहे. तिने तुमच्याकरवी विचारलं असेल तर मी पुढचा विचार न करता येईन. खोली महिन्याच्या बोलीवरच घेतली आहे.

फक्त हो किंवा नाही लिहा.

बापू


२१ मार्च

प्रिय बापू,

उत्तर द्यायला उशीर झाला. तीन कागद फाडले.

नाही. तिने सांगितलेलं नाही.

खुर्ची तिने दिवा बदलायला आत आणली होती. तिच्यावर उभं राहून बल्ब लावला आणि मग जेवायची वेळ झाली म्हणून ती तशीच राहिली. मी ते मुद्दाम लपवलं नाही. मला ती मध्ये उभी दिसली तेव्हा जे वाटलं ते लिहिलं. "कुणालाच करमत नाही" लिहिलं तेव्हा ते माझ्याबद्दल होतं. घरात दोनच माणसं, त्यातल्या एकाला करमत नसेल तर कुणालाच म्हणतात की नाही?

तुमच्यात काय झालं ते मी तिला विचारलं नाही, तुलाही नाही. तुम्ही दोघांनी भांडण नीट केलं असतं तर मला बाजू घेता आली असती. तुम्ही पाहुणे निघतात तसे वेगळे झालात, दारात उभे राहून एकमेकांना जपून जा म्हणालात. बबी ठीक आहे, बापू. हसते, जेवते, रविवारी मैत्रिणींकडे जाते. जे सुटलं ते तिच्यापुरतं सुटलं.

माझ्यापुरतं सुटलं नाही, ते कुठे नोंदवायचं? मुलीचा काडीमोड होतो, तेव्हा सासऱ्याला कुणी विचारत नाही. बरोबरच आहे, विचारायचं कारण काय? पण सात वर्षं तू रोज संध्याकाळी शेजारी बसत होतास. माझा मुलगा नव्हतास, मित्र म्हणावं तर वयात मेळ नाही. तरी हाक मारायला तोंड उघडतं आणि मग आठवतं.

गेमची गरज होती हे खरं. पण नसती तरी लिहिलं असतं. ये असं मी माझ्या मनाने म्हणालो.

मामा


३० मे

प्रिय बापू,

तुझं काही आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालतो.

राणी जिंकतेच आहे. सहावी जागा मी भरली नाही, पाच जणांनीच जातो. हल्ली फारसा जातही नाही.

मामा


१४ जुलै

बापू,

(बाबा पाकिटावर तुझं नाव असंच लिहितात, म्हणून मीही तेच लिहिते.)

कवळीची डबी घासायला घेतली आणि तुझ्या लॅबचा पत्ता बाबांनी कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून तिच्याखाली ठेवलेला दिसला. विचारलं तर आधी गिऱ्हाईक म्हणाले, मग म्हणाले खिडकी. शेवटी तुझी पत्रं त्यांनी स्वतःच आणून दिली. मी वाचली. तुला न विचारता वाचली, पण त्यात माझ्याबद्दल होतं, तेव्हा तेवढा हक्क मी घेतला.

दोन गोष्टी लिहिते.

पहिली म्हणजे, मी तुझ्याकडे परत येणार नाही, आणि तुला बोलावणारही नाही. आपण एकत्र असताना दोघंही फार चांगले वागत होतो आणि दोघंही दमलो होतो. मला आता दमायला होत नाही. हे तुला लागेल, पण खुर्चीचं वाचून तू जे मनात आणलंस ते तसंच राहू देणं जास्त वाईट झालं असतं. यात बाबांना दोष देऊ नकोस.

दुसरी म्हणजे, बाबा हल्ली यंत्र मांडीवर घेऊन बसतात आणि चालू करत नाहीत. मी दोनदा शेजारी बसून पाहिलं. मी म्हटलं, हा हिरवा पुढे काढा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उठून भाजी चिरायला गेले. मला ते जमत नाही. ते तुझं आणि त्यांचं होतं, मला तेव्हाही कळायचं नाही की दोन मोठे पुरुष त्या फुगलेल्या बेडकीवरून एवढं काय बोलतात.

गुरुवारी मी सातपर्यंत लॅबमध्ये असते. चावी बाबांकडे आहे. तुला त्रास होणार असेल तर येऊ नकोस. होणार नसेल तर ये. माझी हरकत नाही, आणि हे मी चांगुलपणाने लिहीत नाही.

बबी


२० जुलै

बबी,

पत्र मिळालं. लागलं, आणि बरंही झालं. खोली वर्षाच्या करारावर घेतली.

मामांचं मार्चचं पत्र पोचलं होतं, मेचंही. उत्तर लिहायला बसायचो आणि "तीर्थस्वरूप" एवढंच लिहून व्हायचं. त्यांना माझ्याकडून काही हवं होतं, तेव्हा मला दुसऱ्या कुणाकडून काहीतरी हवं होतं. त्यात, ते वाट पाहताहेत हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

त्रास होईल. येतो.

बापू


५ ऑगस्ट

तीर्थस्वरूप मामांस,

गुरुवारी तुम्ही खुर्चीतच झोपलात, त्यामुळे पुढचं तुम्हाला कळलं नसेल. बबी सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

ढेकूळ तुमच्याकडे गेला आणि त्याच्या बदल्यात बादली माझ्याकडे आली, ती नीट आहे. नाव मी बदलणार नाही. राणी दुसऱ्या खेपेला पडली, तेव्हा तुम्ही माझ्या गुडघ्यावर जी थाप मारलीत तिचा वळ अजून आहे. ढेकळाने सगळी वीज अंगावर घेतली, काजळ्याने घाव घातले, नर्सबाई मागून मलम लावत राहिल्या, आणि शेवटी आत्याबाई गाल फुगवून राणीसमोर बसल्या ते बसल्याच. एकाही चालीत मला बोलावं लागलं नाही. मी नुसता खांद्यामागे होतो. मग तुम्ही म्हणालात, "आता सातवा मनोरा," आणि म्हणता म्हणता मान कलली.

मी निघणार होतो. पण यंत्र तुमच्या हातात होतं आणि मी आणलेली वायर त्यात अडकली होती. ओढली असती तर तुम्ही जागे झाला असतात. म्हणून बसून राहिलो. गॅलरीत ऊन उतरत होतं. खाली कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला कुठे जायची घाई नव्हती.

बबी सहालाच आली. मशीन बंद पडलं म्हणून लवकर सुटले, म्हणाली. मला पाहून दचकली नाही. तुमच्याकडे बघून म्हणाली, "जिंकले वाटतं."

"कशावरून?"

"हरले की झोपत नाहीत. बडबडत बसतात."

हळू बोलायची गरज नव्हती, तुम्हाला ऐकू जाणार नव्हतंच, तरी दोघंही हळू बोलत होतो. तिने चहा केला. मी बसून प्यायलो, ती कट्ट्याला टेकून उभी. तिने विचारलं, खोलीत ऊन येतं का? मी म्हटलं, सकाळी येतं. मग तिने सांगितलं की तुमची कवळी खालच्या बाजूने सैल झालीय, तुम्ही मला ते कळवत नाही. पुढच्या वेळी माप घ्यायचं साहित्य आणतो. एवढंच बोलणं झालं. मला वाटलं होतं की मला आणखी पुष्कळ बोलायचं असेल.

मग तिने तुमच्या हातातलं यंत्र काढलं. एकेक बोट हलकेच सोडवत होती, तुम्ही झोपेतही ते घट्ट धरलं होतं. ती वाकली तेव्हा नाकावरून चष्मा घसरला आणि तिने तो मनगटाने वर सारला, लक्षसुद्धा न देता, फार दिवसांची सवय असावी तसा.

तिला चष्मा लागलाय हे तुम्ही एकाही पत्रात लिहिलं नव्हतंत, मामा. तुमच्या दृष्टीने ती लिहिण्यासारखी गोष्ट नव्हती, रोजचीच असणार. ती आली तेव्हाही तो डोळ्यांवर असणार, पण मला दिसलाच नाही. काळी काडी आहे, बारीक. तिला शोभतो.

मी वायर गुंडाळून खिशात घातली आणि निघालो. जिन्यात थोडा वेळ थांबलो होतो, मग खाली उतरलो.

गुरुवारी येतो. सातव्या मनोऱ्यावर बर्फाचा राजा आहे, त्याच्यासमोर पाचोळा टिकणार नाही. त्याला सांगून ठेवा.

तुमचा,
बापू